पदवी दोन वर्षांची, नोकरी तासिकेपुरती

महाराष्ट्रात माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे असेल, तर आधी पदवी हवी. मग बी.पी.एड.ची सीईटी. ही परीक्षा नुसती प्रश्नपत्रिका सोडवून पार पडत नाही, उमेदवाराला मैदानावर उतरून शारीरिक क्षमताही दाखवावी लागते. त्यानंतर चार सत्रांचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांपूर्वी तो एका वर्षाचा होता. प्राथमिक शाळांसाठी डी.पी.एड. आणि कनिष्ठ महाविद्यालयापासून पुढे एम.पी.एड., हे दोन्हीही दोन वर्षांचेच.

हा काळ वाढवला ते योग्यच झाले. बी.पी.एड.चा विद्यार्थी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकतो, हालचालींमागचे यांत्रिकशास्त्र शिकतो, आहार, मानसशास्त्र, योग, क्रीडावैद्यक, पंचगिरी, मापन आणि मूल्यमापन शिकतो. शाळेत जाऊन सराव पाठ घेतो. याचा उपयोग पदक जिंकणाऱ्या मुलापेक्षा मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मुलाला जास्त आहे, हे मात्र आपल्याकडे फार कमी लोकांच्या लक्षात येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. अशी मुलगी दोन फेऱ्यांत दमते, खाली बसते, आणि वर्गात तिला ‘आळशी’ हे नाव पडते. प्रशिक्षित शिक्षक तिला रागावत नाही. तो तिचा श्वास, चेहऱ्याचा रंग पाहतो, पालकांना निरोप धाडतो, तिच्या ताकदीला झेपेल असा खेळ निवडतो आणि पुढच्या आठवड्यात तिला परत मैदानात आणतो. झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलाचा गुडघा उड्या मारताना का दुखतो, एप्रिलच्या उन्हात सराव कधी थांबवायचा, डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा का खेळवायचे नाही, कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाला डावात कसे सामावून घ्यायचे, हे सगळे शिकावे लागते. रिकाम्या तासाला मैदानावर पाठवलेल्या गणिताच्या बाईंकडून ही अपेक्षा धरणे त्यांच्यावरही अन्याय आहे आणि मुलांवरही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी मुख्याध्यापक पूर्णवेळ, पण तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना मात्र शंभरावर पट असतानाही अंशकालीन निदेशकच. म्हणजे दोन वर्षे घासून पदवी मिळवलेल्या शिक्षकाला कायद्याने देऊ केलेली जागा तासिकांपुरती. आणि शंभराच्या आतल्या शाळेत तेवढीही नाही! डोंगरातली, वाड्या-वस्त्यांवरची कितीतरी मुले अशाच छोट्या शाळांत शिकतात. तिथे शारीरिक शिक्षण वेळापत्रकात असते, ते शिकवणारा प्रशिक्षित माणूस नसतो.

या विषयाकडे पाहण्याची नजर मूल्यमापनातही दिसते. दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाला श्रेणी मिळते, टक्केवारीत तो विषय धरला जात नाही. त्यामुळे जानेवारीनंतर या तासिका इंग्रजी आणि विज्ञानाच्या उजळणीला देऊन टाकायला कोणाचेच मन कचरत नाही. उलट स्पर्धांत खेळणाऱ्यांना बोर्डाचे सवलतीचे क्रीडागुण मिळतात, म्हणून क्रीडाशिक्षकाचा बराचसा वेळ प्रवेशिका, वयाचे दाखले आणि तालुका-जिल्हा स्पर्धांच्या एसटीच्या वेळा जुळवण्यात जातो. संघात निवडलेल्या मुलांसाठी हे काम करायलाच हवे. उरलेल्या चाळीस-पन्नास जणांचे काय?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सांगते. संघटनेच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ ते १७ वयाची जगातली ८१ टक्के मुले त्यात कमी पडलेली दिसली. आठवड्यातल्या दोन-तीन तासिकांनी ही तूट भरून निघणार नाही, हे खरे. पण खेळाची गोडी आणि शरीर हाताळायची रीत त्याच तासिकांत लागते.

या मातीला हा विषय नवा नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी खास प्रशिक्षण संस्था काढली. परके सरकार डोक्यावर असलेल्या त्या काळात प्रांताला जे परवडले, ते आजच्या राज्याला परवडत नाही असे कसे मानायचे? जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. कर्णधार होते महाराष्ट्राचे प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषांतच हा खेळ वाढला आहे.

कायद्यातले निकष किमान आहेत, त्याहून जास्त देण्यापासून राज्याला कोणी अडवलेले नाही. प्रत्येक छोट्या शाळेला स्वतंत्र शिक्षक देणे जड जाईल. पण आपल्याकडे केंद्रशाळांची रचना तयार आहे. एका केंद्रातल्या शाळांना मिळून एक पूर्णवेळ, प्रशिक्षित शारीरिक शिक्षण शिक्षक देता येईल. तो ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत जाईल, प्रत्येक मुलाची उंची, वजन, दम आणि लवचीकता यांची नोंद वर्षभर ठेवेल, आणि त्याचे काम जिंकलेल्या ढालींवरून जोखले जाणार नाही. किती मुले खेळू लागली, यावरून जोखले जाईल. पवित्र पोर्टलवर शिक्षकभरतीची पुढची जाहिरात निघेल, तेव्हा त्यात या पदांचा रकाना असावा आणि त्यापुढे ‘पूर्णवेळ’ असे लिहिलेले असावे.