मोडशी आणि हैजा

आमच्या आजीकडे पोटाच्या सगळ्या दुखण्यांना एकच नाव होते, मोडशी. जुलाब-वांत्या लागल्या की ती म्हणायची, "मोडशी झालीया, भाकरी दिऊ नगा." बारामती-इंदापूरकडच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना हा शब्द ठाऊक असतो.

हाच शब्द १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात आहे, हे कळल्यावर मी चाटच पडलो. ग्रंथकार गार्सिया दा ओर्ता हा डॉक्टर १५३४ साली गोव्यात आला. कॉलऱ्याबद्दल तो लिहितो, इथले लोक याला मोडशी म्हणतात आणि अरब हैजा म्हणतात.

अरबी नाव कशाला? तर युरोपचे डॉक्टर तेव्हा अरबांच्याच पुस्तकांवर शिकत. इब्न सिना (९८०–१०३७) याचा 'कानून' हा ग्रंथ बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो येथे लॅटिनमध्ये गेला आणि सतराव्या शतकापर्यंत तिकडच्या विद्यापीठांत शिकवला गेला. त्या अरबी विद्येत आपल्या देशाचाही वाटा होता. सुश्रुताचा ग्रंथ बगदादमध्ये बर्मक घराण्याने अरबीत करवून घेतला होता. हे बर्मक म्हणजे बाल्खच्या नवविहार या बौद्ध विहाराच्या प्रमुखांचे वंशज! आपल्या मुलांना हे सांगायला हवे.

ओर्ताने इब्न सिना लॅटिनमधून वाचलेला. तो अरबीतून वाचणारे हकीम त्याला भेटले अहमदनगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी. ज्या निजामशाहीसाठी लढताना पुढे मालोजी भोसले आपल्या इंदापुरात पडले, तीच ही. बादशहावर ओर्ताने औषधोपचार केले. बादशहाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली, याने त्याला लॅटिन शिकवली. हिंगासारखी आपल्या फोडणीतली वस्तूही ओर्ताने सोडली नाही. १५६७ साली ग्रंथाचा लॅटिन सारांश अँटवर्पला निघाला आणि ही माहिती युरोपभर गेली.

ग्रंथात अंतोनिया नावाची एक गुलाम बाई आहे. ओर्ता हाक मारतो, ती झाडपाला, फळे आणून पुढे ठेवते. आमच्या ऑफिसातही फाईल शिपाई शोधतो, सही साहेबाची होते. निदान ओर्ताने तिचे नाव तरी लिहिले.

ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला. घराण्याने ख्रिस्ती धर्म घेतला तरी जन्म चिकटूनच राहिला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळले. १५८० साली धर्मन्यायालयाने त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. पणजीतल्या बागेला आज त्याचे नाव आहे.