‘महिलांची उपस्थिती लक्षणीय होती’

सीमाभागातील कोणत्याही मराठी सभेचा वृत्तान्त वाचा. व्यासपीठावरील मान्यवरांची नावे पदांसह येतात, भाषणांचे सारांश येतात, आभार कोणी मानले तेही येते. शेवटी एक ठरीव ओळ: ‘महिलांची उपस्थिती लक्षणीय होती.’ लक्षणीय होती, तर त्यांतील एकीचेही नाव का नाही? एकीचेही वाक्य का नाही?

आपली तक्रार जुनी आणि रास्त आहे. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांना बेळगाव, खानापूर, निपाणी आठवतात ती १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनी, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनी, किंवा एखाद्या बसला काळे फासले गेले तर. पण हाच निकष स्वतःला लावून पाहू. खानापूरच्या जंगलातील गवळी-धनगरांची वस्ती आपल्या बातमीत केव्हा येते? दुर्घटना घडली की. दलित वस्ती? १४ एप्रिलला, नाहीतर तंटा झाल्यावर. निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या स्त्रियांच्या लढ्यावर दीपा धनराज आणि ‘युगांतर’ गटाने १९८२ साली माहितीपट केला. दुरून आलेल्यांना जे दिसले, ते गावच्या वार्ताहराला दिसू नये?

हा दोष शब्दांतही मुरला आहे. ‘ग्रामस्थांचे म्हणणे’ म्हणजे बहुधा पारावरच्या चौघा पुरुषांचे म्हणणे. ‘कानडी दडपशाही’ असे लिहिले की आदेश काढणारे सरकार नामानिराळे राहते आणि बाजारात शेजारी बसून भाजी विकणारी कन्नड बाई आरोपी ठरते. दडपशाही भाषा करीत नाही, शासन करते. बातमीत कर्ता स्पष्ट लिहावा, एवढे व्याकरण तरी आपण पाळावे.

‘आधी सीमाप्रश्न सुटू द्या, घरातले नंतर पाहू,’ असे उत्तर मिळते. ते टिकत नाही. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर आपला दावा उभा आहे. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. बहुसंख्या मोजताना ही सारी माणसे आपली, आणि लोकेच्छा सांगताना बोलणारे मात्र मूठभर, हे कसे चालेल? ज्यांचे म्हणणे कधी छापलेच नाही, त्यांच्या इच्छेचा हवाला कोणत्या तोंडाने द्यायचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, ते मराठीतच. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्या स्तंभांत मुके कोण, हा प्रश्न तसाच आहे. पुढच्या सभेचा वृत्तान्त लिहिताना त्या ठरीव ओळीवर काट मारा. मांडवाच्या मागच्या रांगेत जा, तिथे बसलेल्या बाईला नाव विचारा आणि ती जे बोलेल ते तिच्याच बोलीत छापा.