गणवेश एक, निष्ठा अनेक

लेबनॉनमध्ये १९७५ साली यादवी पेटली, तेव्हा लष्कर रस्त्यावर उतरवावे की नाही यावरच सत्ताधाऱ्यांचे एकमत होईना. जानेवारी १९७६ मध्ये लेफ्टनंट अहमद अल-खतीब यांनी बंड करून 'लेबनीज अरब आर्मी' उभारली. मुस्लिम सैनिक तिकडे वळले. अनेक ख्रिस्ती सैनिकांनी आपल्या पंथाच्या सशस्त्र टोळ्या जवळ केल्या. मार्चमध्ये ब्रिगेडियर अझीझ अल-अहदब यांनी दूरचित्रवाणीवरून राष्ट्राध्यक्षांचा राजीनामा मागितला, पण हुकूम बजावायला हाताशी फौजच उरली नव्हती. १९८४ मध्ये शियाबहुल सहाव्या ब्रिगेडनेही पश्चिम बैरुतमध्ये 'अमल' या शिया सशस्त्र संघटनेविरुद्ध लढण्यास नकार दिला.

केवळ सैनिकांना बोल लावून भागणार नाही. राष्ट्राध्यक्षपदापासून लष्करप्रमुखपदापर्यंत सारे पंथनिहाय वाटून घेणाऱ्या राज्याने जवानाकडून निखळ राष्ट्रनिष्ठा मागावी कोणत्या तोंडाने? युद्धानंतर ब्रिगेड मिश्र झाल्या. सत्तेची वाटणी मात्र पंथनिहायच राहिली.