कोल्हापूरला आयएसएलची टीम मिळाली तर शहराचा खरंच फायदा होईल? उत्तर पुण्यात सापडतं

उन्हाळ्याच्या तोंडावर दुपारी चारनंतर कोल्हापुरातल्या एखाद्या मित्राला फोन लावून बघा. "मॅचला आलोय, नंतर बोलतो," एवढंच ऐकू येतं. बाकी सगळा शिट्ट्यांचा आणि हलगीचा आवाज. शाहू स्टेडियमवर पीटीएम, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस यांच्यापैकी कुणाचा तरी सामना चालू असतो. हरलेल्या पेठेचं व्हॉट्सॲप स्टेटस त्या रात्री कोरं असतं, आणि जिंकलेल्या पेठेचं बघवत नाही.

अख्ख्या देशात क्रिकेटचं वेड असताना या शहराने फुटबॉल धरून ठेवलाय. म्हणून दर वर्षी-दोन वर्षांनी सोशल मीडियावर तीच चर्चा रंगते: मुंबईला टीम आहे, गोव्याला आहे, बंगळुरूला आहे, मग कोल्हापूरला आयएसएलची टीम का नाही? कुणीतरी लोगोसुद्धा बनवून टाकतं. खाली हजारभर कमेंट पडतात.

मागणी रास्त वाटते. पण टीम आली तर शहराच्या पदरात नेमकं काय पडेल, हे फारसं कुणी विचारत नाही. ते विचारायचं असेल तर आधी २३० किलोमीटरवरच्या पुण्यात जाऊन यायला हवं.

चार क्लब आले, चारही गेले

आजच्या कॉलेजच्या पोरांना सांगूनही खरं वाटणार नाही, पण एकेकाळी पुण्यात एकाच वेळी तीन व्यावसायिक फुटबॉल क्लब होते.

पहिला पुणे एफसी. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने काढला. २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये पहिल्यांदा खेळला आणि थेट तिसरा आला. २०१२-१३ ला तर उपविजेता. २०१५ मध्ये बंद. त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी आला, २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजीयन्सने अकादमीसाठी थेट लिव्हरपूलशी हातमिळवणी केली होती. २०१६-१७ नंतर तोही आय-लीगमध्ये दिसला नाही.

चौथा सगळ्यात झगमगाटी, एफसी पुणे सिटी. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हापासूनचा. हृतिक रोशन सहमालक, इटलीचा फिओरेंतिना भागीदार, बालेवाडीत सामने. 'ऑरेंज आर्मी' नावाचा चाहत्यांचा गट उभा राहिला. २०१७-१८ ला टीम उपांत्य फेरीत गेली आणि आता पुणं फुटबॉलचं शहर होणार असं वाटायला लागलं. २०१९ मध्ये मालकांचं पैशाचं गणित बिघडलं आणि क्लब गुंडाळला गेला.

आयएसएलमधली पुण्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबाद एफसीने २०२१-२२ मध्ये आयएसएल जिंकून दाखवली. मग तिथेही पैशाची ओढाताण सुरू झाली आणि २०२५ मध्ये तो क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. एकच जागा, सहा-सात वर्षांत तीन शहरं. भाडेकरूसुद्धा इतक्या लवकर घर बदलत नाही.

पुण्यात चाहते नव्हते, मैदान नव्हतं, खेळ वाईट होता, असं काहीच नाही. क्लब मालकाचा होता. मालकाचा खिसा आटला की क्लब संपत होता, आणि शहराचं मत विचारायची कुणाला गरज नव्हती.

पण पैसा तर येईल ना?

टीम आली की हॉटेलं भरतील, रोजगार वाढेल, पर्यटन वाढेल, हे पहिलं वाक्य असतं. जगभरातल्या अर्थतज्ज्ञांनी अनेक वर्षं हेच तपासलंय, विशेषतः अमेरिकेत, कारण तिथे शहरं टीमसाठी सरकारी पैशातून स्टेडियम बांधतात. शहराला होणारी कमाई सांगितली जाते त्यापेक्षा फार कमी असते, यावर त्यांच्यात दुर्मीळ म्हणावं इतकं एकमत आहे.

असं का, ते कोल्हापुरात बसून बघू. १४ टीमच्या लीगमध्ये प्रत्येकाशी दोनदा खेळायचं म्हटलं तर २६ सामने. त्यातले घरच्या मैदानावर १३. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांतले १३ दिवस.

त्या १३ दिवसांत मंगळवार पेठेतलं चार माणसांचं कुटुंब सामन्याला गेलं आणि तिकीट, वडापाव, जर्सी मिळून हजार रुपये खर्च केले असं धरा. ते हजार रुपये आकाशातून पडले नाहीत. टीम नसती तर त्यातले बरेचसे रंकाळ्यावर भेळ खाण्यात, सिनेमात किंवा रविवारच्या मटणात गेले असते. शहरातला पैसा एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात गेला, एवढंच. वर या नव्या गल्ल्यातला मोठा भाग खेळाडू आणि प्रशिक्षकांच्या पगारात जातो, आणि ती माणसं मिझोरम, केरळ, स्पेन किंवा ब्राझीलची. हंगाम संपला की पैसा त्यांच्या गावी.

खरा नवा पैसा फक्त बाहेरून येणाऱ्या माणसाचा. इथे मात्र कोल्हापूरची बाजू पुण्यापेक्षा बरी आहे. सांगली, इचलकरंजी, निपाणी, बेळगाव हा सगळा टापू दोन-अडीच तासांच्या आत आहे आणि तिथे फुटबॉल बघणारा माणूस आहे. गोव्याचे चाहते तर घाट चढून येतीलच, आणि आले की तांबडा-पांढरा खाल्ल्याशिवाय परत जाणार नाहीत. फायदा आहे, पण तो जत्रेच्या मापाचा. एमआयडीसीत एखादा बरा कारखाना आला तर त्याहून जास्त घरं चालतील.

आता क्लबच्या बाजूने हिशोब करा. दर सामन्याला १० हजार लोक, तिकीट सरासरी १०० रुपये, १३ सामने. झाले १ कोटी ३० लाख. आणि आयएसएलमध्ये एका टीमच्या पगारांवर बरीच वर्षं जी कमाल मर्यादा होती ती साडेसोळा कोटींची. प्रवास, मैदान, अकादमी, कार्यालय वेगळं. मधली दरी टीव्हीचे हक्क आणि प्रायोजक भरतील या आशेवर ही लीग उभी राहिली.

ती आशा किती टिकली ते ताजं आहे. भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक भागीदाराबरोबरचा १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार २०२५ च्या डिसेंबरात संपला. पुढे काय, याचं उत्तर वेळेत मिळालं नाही म्हणून २०२५-२६ चा हंगाम रखडला आणि अखेर फेब्रुवारीत, एकेरी सामन्यांचा छोटा हंगाम सुरू झाला. मँचेस्टर सिटीमागचा सिटी फुटबॉल ग्रुप २०१९ मध्ये मुंबई सिटीत मोठ्या धूमधडाक्यात आला होता. तोही डिसेंबरातच हिस्सा सोडून बाहेर पडला. मुंबईसारख्या बाजारपेठेत, दोनदा आयएसएल जिंकलेल्या क्लबमधून त्याने पाय काढला असेल, तर कोल्हापुरात पैसे लावणारा माणूस कशाच्या भरवशावर लावेल?

मग तालमींचं काय?

याबद्दल सोशल मीडियावर जवळपास कुणीच बोलत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

कोल्हापुरातले बहुतेक संघ तालमीतून आलेत. जिथे मल्ल घुमायचे, तिथलीच पुढची पिढी बूट घालून मैदानात उतरली. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० सालची. तिच्या वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात. मोठे संघ आफ्रिकी देशांतून खेळाडू आणतात, नेत्यांच्या नावाचे चषक होतात, बक्षिसं लागतात. कधीकधी राडा होतो, सामने थांबतात, पोलीस येतात. सगळं गोड नाही. पण यातला कुठलाही संघ उद्या हैदराबादला जाऊ शकत नाही. शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठ सोडून कुठे जाणार?

बाहेरून फ्रँचायझी आली तर तिचा हंगाम आणि केएसएचा हंगाम बहुतांशी एकाच काळात पडतो. मैदान तेच, प्रेक्षक तोच, प्रायोजक तेच. तालमीला पाच-दहा हजारांची वर्गणी देणारा व्यापारी उद्या मोठ्या क्लबच्या बोर्डावर नाव झळकवायला गेला, तर त्याला दोष कसा देणार? आणि समजा पाच वर्षांनी पुण्यासारखा क्लब उठून गेला. तोवर ज्या दोन-चार तालमींनी संघ बंद केले, ते परत उभे राहतील याची खात्री कोण देणार?

"स्थानिक पोरांना संधी मिळेल" हेही जरा तपासून घ्या. आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी खेळाडू असू शकतात. उरले सात. त्या सात जागांसाठी मणिपूर, मिझोरम, गोवा, केरळ, बंगाल, पंजाबची पोरं रांगेत आहेत. क्लबला सामना जिंकायचा असतो, पेठेला खूश करायचं नसतं. कोल्हापूरचे एक-दोन जण खेळले तरी खूप.

तरीही एक गोष्ट मिळते, आणि ती छोटी नाही

२०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो तिथवर पोचला कसा? लहान वयात घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, मग पुणे एफसीच्या अकादमीत. म्हणजे जो क्लब २०१५ मध्ये बंद पडला, त्याच्या अकादमीतून गेलेला पोरगा दोन वर्षांनी विश्वचषक खेळला. पुण्याच्या चारही क्लबांच्या खर्चातून या भागाला टिकाऊ असं जे मिळालं ते हे.

कोल्हापुरात पायात कला असलेली पोरं ढीगभर आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात: तालमीकडून खेळत खेळत नोकरी शोधायची किंवा शहर सोडायचं. वयोगटाचे संघ, शिकलेला प्रशिक्षक, फिजिओ, दुखापत झाली तर उपचार, हे सगळं वर्षभर एका जागी देणारी संस्था व्यावसायिक क्लबच असू शकते. लीगच्या क्लब परवान्याच्या अटींतच युवा संघ आणि प्रशिक्षक बसवलेले असतात. शहराचा फायदा मोजायचा तर इथे मोजावा. मुलींसाठी तर हे आणखी लागू आहे. कोल्हापूर सिटीच्या मुली इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून आल्यात, हे किती जणांना माहीत आहे?

विकत घ्यायची की चढून जायची?

आयएसएलमध्ये जायची दोन दारं आहेत. एक फ्रँचायझीचं, कोट्यवधी मोजून. दुसरं उशिरा उघडलं: आय-लीग जिंका आणि वर जा. २०२३ मध्ये पंजाबचा क्लब असा वर गेला, २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मडन. आय-लीगच्या खाली आणखी दोन पायऱ्या आहेत, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर राज्याराज्यांतले क्लब येतात.

ही वाट लांब आहे, पण चालता येते. कोझिकोडचा गोकुलम केरला २०१७ मध्ये निघाला आणि २०२१, २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं आय-लीग जिंकला, शिवाय महिला लीगही. ऐझॉल तर त्याहून भारी. लोकसंख्या कोल्हापूरपेक्षा कमी, डोंगरातलं शहर. २०१६ मध्ये खाली ढकलला गेलेला ऐझॉल एफसी गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे परत आत आला आणि २०१६-१७ ला मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून देशाचा विजेता झाला. प्रशिक्षक होते मुंबईत क्लब फुटबॉल गाजवलेले खालिद जमील, जे २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. विजेतेपदानंतर मोठ्या क्लबांनी प्रशिक्षक आणि खेळाडू उचलले, टीम विस्कटली. क्लब मात्र ऐझॉलमध्येच राहिला.

कोल्हापूरसाठी हीच वाट बरी वाटते. अडचण एकच, आणि ती अस्सल कोल्हापुरी आहे: जर्सी कुठल्या रंगाची? पीटीएमचा पोरगा शिवाजीच्या पोराशेजारी उभा राहून एकाच टीमसाठी ओरडेल का? जिल्ह्याच्या संघात खेळाडू एकत्र खेळतात, गॅलरीचं सांगता येत नाही. तालमींनाच क्लबमध्ये हिस्सा आणि मत दिलं तर कदाचित जमेल. बैठकी मात्र रात्री बारापर्यंत चालतील.

तोवर पुढचा लोगो फेसबुकवर येईलच. त्यावर वाघ असावा की मशाल यावरून भांडायच्या आधी कमेंटमध्ये तीन गोष्टी विचारून घ्या. अकादमी कोल्हापुरात असेल की पुण्या-मुंबईत? केएसएच्या हंगामात मैदान कुणाला मिळणार? आणि मालक निघाला तर नाव, रंग आणि वयोगटाचे संघ कुणाकडे राहणार? पुण्यात २०१९ मध्ये या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑरेंज आर्मीकडे नव्हतं, कारण टीम आली तेव्हा तो कुणी विचारलाच नव्हता.