आकडा अटींसकट मागावा : लाऊडस्पीकरच्या शंभर वर्षांचा धडा

१/ सातारा जिल्ह्यातील खंडाळ्याच्या एखाद्या संगीतप्रेमी कुटुंबाला लाखभर रुपयांचे लाऊडस्पीकर घ्यायचे असतील, तर ते ऐकायचे पुण्याच्या दालनात आणि वाजवायचे घरच्या खोलीत. या दोन खोल्यांच्या अंतरातच जाहिरातीचे फावते. त्या अंतराचा इतिहास शतकाहून जुना आहे. (थ्रेड)

२/ १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका, शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवले जात, गाणे चालूच राही. दिवे लागल्यावर कळे की गायिका केव्हाच आत गेली आहे. कंठ आणि यंत्र यांत फरक उरला नाही, असा दावा होता.

३/ त्यांतील गायिका ॲना केस यांनी पुढे उतारवयात सांगितले की, यंत्राशी जुळावा म्हणून त्या स्वतःचा आवाज आवरून लावत. म्हणजे माणूसच यंत्रासारखे गात होता! प्रेक्षकांनी जे ऐकले ते ऐकलेच. ते कोणत्या अटींवर ऐकवले जात होते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

४/ १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकक्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी व तिला जोडलेला शंकू ही रचना शास्त्रशुद्ध मांडली. आजच्या पाच हजारांच्या आणि पाच लाखांच्या बहुतेक स्पीकरांचा गाभा तोच आहे. म्हणून ‘क्रांतिकारी’ हा शब्द दिसताच नेमके काय बदलले, हे विचारावे.

५/ अभियांत्रिकी आधी मर्यादा सांगते. केएलएच कंपनीचे अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे : लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी दोनच साधतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील (१९६१) आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी याचे गणित इतके नेमके केले की, लाकडाला करवत लागण्याआधीच पेटीचा खर्ज मोजता येऊ लागला. तिन्ही गोष्टी एकत्र देऊ करणाऱ्याकडे मोजमापाचा आलेख मागावा.

६/ कॅसेटच्या काळात आपल्याकडे खोक्यांवर ‘पीएमपीओ’ वॅटचे हजारांतले आकडे झळकत. त्या संज्ञेला सर्वमान्य व्याख्याच नव्हती. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच ॲम्प्लिफायरची शक्ती ठरावीक अटींवर मोजून जाहीर करण्याचा नियम केला होता. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते.

७/ ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडाही तसाच. पुढे ‘±३ डेसिबल’ अशी मर्यादा नसेल, तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. उलट संवेदनशीलतेचा साधा आकडा बरेच सांगतो : ९० डेसिबलच्या स्पीकरला ८७ डेसिबलच्या स्पीकरपेक्षा तेवढ्याच आवाजासाठी निम्मी शक्ती पुरते.

८/ ‘कानाला पटते तेच खरे’ हा आक्षेप गंभीर आहे. पण फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवले की, तेच स्पीकर पडद्याआड असताना आणि डोळ्यांसमोर असताना श्रोते वेगवेगळे गुण देतात. आकार आणि नाव कानांत शिरते. किंचित मोठा वाजणारा स्पीकरही ‘सरस’ भासतो.

९/ म्हणून कान टाकून द्यायचे नाहीत, त्यांना शिस्त लावायची. तालुक्यातील लोणंदवरून जाणारा लोहमार्ग मिरजेला पोहोचतो. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर जवारी लावताना घोडी किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. त्याचा कान श्रेष्ठ ठरतो, कारण तो प्रत्येक वेळी एकच बदल करून ऐकतो.

१०/ खरेदीतही हेच करावे. ओळखीचे तानपुऱ्यासह गायन न्यावे, दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करावा, शक्य तर डोळे मिटून ऐकावे आणि घरी ऐकून पाहण्याची मुदत मागावी. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा खर्ज फुगतो. महागड्या तारेने तो बसत नाही, स्पीकरची आणि बैठकीची जागा बदलल्याने फरक पडतो. फरशीवर अंथरलेले जाड जाजम वरच्या सुरांचा खणखणाट कमी करते.

११/ ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला आळा घालतो. परंतु ‘स्वर्गीय नाद’ हे विशेषण कोणत्या न्यायालयात मोजणार? तिथे ग्राहकाचा प्रश्नच कामी येतो : हा आकडा कुठे, किती अंतरावरून आणि कोणत्या मर्यादेत मोजला? अभियंत्याकडे याचे उत्तर असते. ज्याच्याकडे ते नाही, त्याला कष्टाचे लाख रुपये देण्याची घाई करू नये.