वाडीपर्यंतची वाट

अल् घुब्र्याहून निघालेला कोकणी मनुष्य मस्कतच्या विमानाने सुमारे तीन तासांत मुंबई गाठतो. पण पुढे रेल्वेस्थानकावरून आपली वाडी गाठावयास त्यास कधी अर्धा दिवस लागतो! १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. तथापि २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. दोष रुळांचा नव्हे. मुंबईची ओढ आगबोटींच्या काळापासूनची आहे. परंतु उतारू थोडे म्हणून वाडीची एस. टी. बंद करणे हा उफराटा न्याय होय. गाडी गेली की मुलीची शाळा सुटते, म्हाताऱ्यास दवाखाना दुरावतो, आणि मग उरलेली बिऱ्हाडेही हलतात. ज्यांचे पूर्वज गिरमिटावर सागरापार गेले, त्यांस ओस घरांचे दुःख सांगावयास नको. गाडी भरो वा न भरो, दिवसाच्या दोन फेऱ्या वाडीस मिळाल्याच पाहिजेत.