ट्रॅक्टर तापतो, पुस्तिका परभाषेत

उसाचा हंगाम सुरू झाला की सीमाभागातील जुने ट्रॅक्टर भरलेला ट्रेलर घेऊन चढाला लागतात आणि वाफ सोडून मध्येच थांबतात. चालक घाईने रेडिएटरचे झाकण उघडतो आणि उकळते पाणी तोंडावर घेतो. दोष एकट्या त्याचा नव्हे. सेकंडहँड ट्रॅक्टरसोबत पुस्तिका क्वचितच मिळते. मिळाली तरी ती बहुधा इंग्रजीत असते.

वास्तविक हे ज्ञान अवघड नाही. काटा लालवर गेला की ट्रॅक्टर बाजूला घ्यावा, इंजिन बंद करून निदान अर्धा तास थंड होऊ द्यावे. मगच झाकण जाड फडक्याने सावकाश सैल करावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो. पाणी कमी आहे काय, होसपाइप गळतो काय, जाळीत भुसा-पाचट अडकले आहे काय, फॅनबेल्ट सैल आहे काय, हे क्रमाने पाहावे. सारे ठीक असूनही तापत असेल तर थर्मोस्टॅट व वॉटरपंप तपासावा. रेडिएटरात बुडबुडे किंवा ऑइल दिसल्यास हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी आणि मिस्त्री गाठावा.

१९५६ पासून आम्ही मराठी शाळा आणि मराठी कागदपत्रांसाठी झगडत आलो. यंत्राची पुस्तिकाही त्याच मागणीत बसते, असे आमचे मत आहे. सीमाभागात ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी ती मराठीत द्यावी. तोवर वाचकांनी हे कात्रण टूलबॉक्समध्ये ठेवावे.